ओझेलाचं भांडं

नॅशव्हिल, ६ ऑगस्ट २०१२

ओझेलाबाई,

पाकिटावरचं नाव बघून पत्र चुलीत टाकणार असशील, तर आधी एवढं वाच आणि मग टाक. चाळीस वर्षांत तू माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस. पण ‘तोंडानं बोलणार नाही’ अशी तुझी शपथ होती, लिहिण्याबद्दल तू काही म्हणाली नव्हतीस. माझ्या आईच्या दफनाला मी शेजारीच उभा होतो, तेव्हाही तू माझ्याऐवजी माझ्या टोपीशी बोललीस, ते मला आठवतं.

कामाचं सांगतो. आपल्या गाण्याला यंदा चाळीस वर्षं पूर्ण होताहेत. ब्रशी गॅपच्या उत्सव समितीच्या चार्लीन बॅसबाईंचा फोन होता. ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी यंदाचा ‘भांडं उत्सव’ दणक्यात करायचा आहे. हायवेच्या फाट्यावर आठ फूट रुंदीचं काँक्रीटचं भांडं बसवलंय, झाकणासकट. मी जाऊन त्याचं उद्घाटन करायचं आणि गाणं म्हणायचं. शिवाय जुन्या डाकघरात त्या संग्रहालय करताहेत. तिथं काचेच्या पेटीत ठेवायला त्यांना खरं भांडं हवंय.

तर ओझेला, आता देऊन टाक ना. आई जाऊन चोवीस वर्षं झाली. आता कोण रागावणार आहे? पांढरं चिनीमातीचं, काठाला हिरवी वेल असलेलं. माळ्यावर असेल कुठंतरी.

तुझा मावसभाऊ,
डेलमार हिक्सन

ब्रशी गॅप, अलाबामा, १३ ऑगस्ट

डेलमार,

‘आपलं’ गाणं म्हणे! मी कधी तुझ्या मांडीला मांडी लावून गाणं लिहायला बसले होते रे?

पुन्हा एकदा सांगते, आणि शेवटचं सांगते. १९७१च्या फेब्रुवारीत माझे बाबा गेले. व्हर्लीन मावशीनं त्या भांड्यात मॅकरोनी आणली. चौथ्या दिवशी मंगळवार होता. मी भांडं धुऊन, पुसून, त्यात सहा अंडी घालून तिच्या मागच्या पडवीत, खुर्चीवर ठेवून आले. मावशी घरी नव्हती. रिकामं भांडं परत करणाऱ्यातली मी नाही. पुढचं वर्षभर मावशी चर्चभर सांगत फिरली की ओझेलानं भांडं दाबलं. तेवढंही मी गिळलं असतं. चर्चमधली कुरकुर चर्चच्या फाटकाबाहेर जात नाही. पण तिचा दिवटा लेक नॅशव्हिलमध्ये बेकार बसला होता ना! त्यानं गिटार उचलली आणि माझं नाव देशभर गाजवलं.

‘ओझेला गं ओझेला, भांडं माझं देशील का?
बाप तुझा स्वर्गी गेला, भांडं घेऊन गेला का?’

माझा बाप, डेलमार! तुला मासे पकडायला शिकवलं होतं त्यानं. हे लिहिताना तुझा हात कसा झडला नाही?

तू नाव कमावून मोकळा झालास, इथं मी राहते. चाळीस वर्षं अनोळखी माणसं माझ्या दारात गाडी थांबवून ‘भांडं दे’ म्हणून ओरडतात. ओहायो, टेक्सस, कुठून कुठून लोक मला टपालानं भांडी पाठवतात. गोठ्यात तीनशे अठरा भांडी आहेत आणि गाय बाहेर बांधते मी. उत्सवात ‘हुबेहूब ओझेला’ अशी स्पर्धा असते. एका वर्षी मी नुसती केक घ्यायला गेले, तर मला ओढून स्टेजवर नेलं आणि तिसरा नंबर दिला. पहिली आलेली बाई ट्रक चालवते. परीक्षक म्हणाले, हिच्या चेहऱ्यावर पुरेसा लबाडपणा नाही.

हेसुद्धा मी हसून घालवलं असतं. पण आता ऐक. २००३ साली माझा रूफस गेला. इथल्या पद्धतीनं सगळं गाव जेवण घेऊन आलं. एकतीस घरांतून एकतीस पदार्थ, आणि एकतीसच्या एकतीस फॉइलच्या टाकाऊ डब्यांत! एकानंही घरचं भांडं आणलं नाही. पाठच्या बाजूला चिकटपट्टीवर नाव लिहिलेलं एक भांडंसुद्धा नाही. पाद्रीबाईंनी तर मला गळामिठी मारून सांगितलं, “परत करायची काळजी नको हं ओझेला!” नवरा शवपेटीत, आणि मी डबे मोजत रडत होते.

येत्या सहा नोव्हेंबरला बर्मिंगहॅमला माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. शहात्तराव्या वर्षी वाचले तर घरी येईन, न वाचले तर चर्चच्या मागं जाईन. दोन्ही वेळी लोक जेवण आणणारच. ते कशात आणतील, एवढीच मला चिंता आहे. मरण्याआधी या गावातल्या एका माणसानं तरी माझ्या हातात आपलं भांडं विश्वासानं द्यावं. बाकी मला काही नको.

ओझेला टिडमोर

नॅशव्हिल, २० ऑगस्ट

ओझेला,

झडपेचं वाचून वाईट वाटलं. खरंच. देव तुला सांभाळो.

पण मी तुझं वाटोळं केलं म्हणतेस, हे काही पटत नाही. अगं, घरात तीन पोरं होती आणि कपाटात नुसतं पीठ. बसमधून येताना आईची कुरकुर आठवली आणि वीस मिनिटांत गाणं झालं. तुझं नाव बदलून बघितलं मी, देवाशप्पथ. ‘मार्था गं मार्था’ म्हणून बघितलं. बस थांबवून उतरावंसं वाटलं, इतकं मिळमिळीत झालं. तुझं नावच चालीत असं जाऊन बसलं की मग उठेना.

आणि गाण्यानं काय काय केलं तेही बघ. अर्कान्सामध्ये एका वकिलानं घटस्फोटाच्या खटल्यात दुसरं कडवं वाचून दाखवलं आणि खटला जिंकला. जपानमध्ये ओसाकाला आठ कारकून रविवारी काउबॉयच्या टोप्या घालून हे गाणं म्हणतात. त्यांनी मला पत्र लिहिलं होतं: ‘ओझेलाबाईंनी भांडं परत केलं का? आम्ही सगळे काळजीत आहोत.’ अजून काय हवं माणसाला?

आता मंगळवारचं. माझी आई बायबलवर हात ठेवून म्हणाली होती, ‘ते भांडं माझ्या घरात नाही.’ माझी आई खोटं बोलेल? तिची मोठी पेटी माझ्या लेकीच्या, रोझलच्या गॅरेजमध्ये पडून आहे, आई गेल्यापासून उघडलेलीसुद्धा नाही. तुझं समाधान म्हणून उघडून बघतो. मग तरी गप्प बसशील.

डेलमार

नॅशव्हिल, ९ सप्टेंबर

प्रिय ओझेला,

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहितोय. कशी आहेस? इकडं उकाडा फार आहे. टोमॅटो यंदा झाले नाहीत. रोझलचा कुत्रा बरा आहे.

मी हल्ली माझ्या बायकोच्या, इमोजीनच्या निळ्या भांड्यात बीन्स भाजून खातो. तिला जाऊन सहा वर्षं झाली, तिच्या हातचं एवढंच एक भांडं उरलंय. रोझललाही मी ते धुऊ देत नाही, तिच्या हातून फुटेल. त्यावरून सहज मनात आलं, भांडं म्हणजे काय गं शेवटी? माती. आपण सगळे मातीच. झालं गेलं विसरून जावं, नाही का? बॅसबाईंना मी सांगेन की दुसरं कुठलंतरी भांडं ठेवा. लोकांना काय कळतंय.

औषधं वेळेवर घे. तुझ्या आईची, नेटी मावशीची हल्ली फार आठवण येते. किती चांगली होती.

तुझाच,
डेलमार

ब्रशी गॅप, १३ सप्टेंबर

सापडलं ना?

ओझेला

नॅशव्हिल, १८ सप्टेंबर

ओझेला,

सापडलं.

पेटीच्या तळाशी, लग्नातल्या पलंगपोसात गुंडाळलेलं. पांढरं, काठाला हिरवी वेल, झाकणासकट. मी गॅरेजमध्ये रोझलच्या गवत कापायच्या यंत्रावर बसून राहिलो. पहिल्यांदा मनाला म्हटलं, दुसरं असेल. मग उलटं केलं. पाठीवर चिकटपट्टी: ‘व्हर्लीन हिक्सन’. म्हटलं, बघा, आईचंच नाव. पण खिशात तुझं ऑगस्टचं पत्र होतं, सारखा वाचतो म्हणून. त्यात तू ‘व्हर्लीन मावशी’ लिहिलंयस. दोन्ही शेजारी धरून बघितलं, ओझेला. पट्टीवरचं अक्षर आईचं नाही. आईचं अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं होतं. पट्टीवरचं टपोरं, शेवटी शेपटी ओढलेलं. ते तुझं आहे.

म्हणजे ती पट्टी तू चिकटवलीस, आणि ते भांडं तिच्या घरी होतं. म्हणजे तू ते परत केलं होतंस. चाळीस वर्षं मी सगळ्या जगाला सांगत होतो की तू केलं नाहीस.

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं झालं असतं. पट्टीचा कोपरा सुटला होता, मी तो ओढला. खाली आणखी एक पट्टी, पिवळी पडलेली. तिच्यावर नाव होतं: ‘नेटी’. तुझी आई.

ते भांडं मुळात माझ्या आईचं नव्हतंच. तुझ्या आईचं होतं. माझ्या आईनं कधीतरी नेलं असेल आणि परत केलं नसेल. मी तुला चोर म्हणून गाणं लिहिलं, आणि चोरीचा माल माझ्याच घरी. मागच्या पत्रात मी कुत्र्याची खुशाली लिहिली, कारण दुसरं काही लिहायचं धाडस नव्हतं. माझी मलाच लाज वाटते.

एक मात्र समजत नाही. पट्टी तू लावलीस, तर खालचं नाव तू पाहिलं असणार. मग?

डेलमार

ब्रशी गॅप, २४ सप्टेंबर

डेलमार,

पाहिलं होतं. बाबांच्या दफनानंतर भांडं कढत पाण्यात घातलं, तर मावशीची पट्टी सुटून तरंगायला लागली आणि खाली माझ्या आईचं नाव. मी तशीच साबणाच्या हातानं खाली बसले.

आई त्या भांड्यासाठी सहा वर्षं हळहळली होती. तिच्या सासूनं दिलेलं होतं ते. ‘कुठं गेलं कोण जाणे’ म्हणायची आणि गप्प व्हायची. तिला माहीत असणार. पण सख्ख्या बहिणीचं नाव तिनं मरेपर्यंत घेतलं नाही. मग मी कोण घेणारी? आईवडील दोन्ही गेलेले, मावशी तेवढी उरलेली. भांड्यासाठी तिला तोडू? म्हणून नवी पट्टी लावली, तिच्यावर माझ्या हातानं मावशीचं नाव लिहिलं, अंडी घातली आणि ठेवून आले.

आता मला वाटतं, मावशीनं ते अक्षर ओळखलं. पट्टी कुणी बदलली म्हणजे खालचं कुणी वाचलं, हे तिला कळलं. ते भांडं घेऊन चर्चच्या जेवणाला ती माझ्यासमोर कशी येणार? लपवून ठेवलं, आणि ‘कुठं आहे भांडं?’ म्हणून लोक विचारायला लागले तेव्हा तोंडाला येईल ते बोलली. बायबलवर हात ठेवला तेव्हा भांडं घरात नव्हतं, कोंबड्यांच्या खुराड्यात होतं म्हण हवं तर. मी तिला माफ केलंय. अंडी तरी खाल्ली असतील तिनं.

तुला केलेलं नाही.

ओझेला

नॅशव्हिल, ८ ऑक्टोबर

ओझेला,

उत्सव झाला. तू खिडकीतून ऐकलं असशील. तरी मी सांगतो, कारण कान तुझे असले तरी फजिती माझी आहे.

चार हजार लोक होते. ते काँक्रीटचं भांडं बघितलंस का? आत उतरायला शिडी आहे, आणि झाकण उचलायला क्रेन आणावी लागली. मी स्टेजवर खरं भांडं घेऊन गेलो. माइक हातात घेतला आणि म्हटलं, “लोकहो, ओझेलानं भांडं मंगळवारीच परत केलं होतं. हे बघा. मी खोटं गाणं लिहिलं.” आणि मग काय हशा पिकला! माणसं पोट धरून लोळायला लागली. पुढच्या रांगेतला एकजण ओरडला, “म्हाताऱ्याला तिनं पढवून पाठवलंय रे!”

मी नवीन कडवं केलं होतं, त्यात तुझी माफी मागितली होती. ‘मंगळवारी अंडी सहा’ एवढंच गाऊ दिलं. पुढं चार हजार लोक माझा आवाज बुडवून जुनंच कडवं गायला लागले. मी थांबलो तरी ते थांबेनात. दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना पहिल्यांदाच नीट ऐकलं मी ते. तुझा बाप मला आठवला, गळाला गांडूळ कसं लावायचं ते दाखवताना. स्टेजवरून उतरलो.

बॅसबाई तर भांडंच घेईनात. “डेलमार, हे छान आहे हो, पण आम्हाला संग्रहालयात नक्कल ठेवता येणार नाही. खरं भांडं ओझेलाकडे आहे हे लहान पोराला पण माहीत आहे.” मी पट्ट्या दाखवल्या, अक्षर दाखवलं. त्या म्हणाल्या, “आता काँक्रीट वाळलंय ना.”

नेटी मावशीचं भांडं माझ्या तीन शर्टांत गुंडाळून उद्या टपालात टाकतोय. माझ्याच्यानं एवढंच होतंय. शर्ट ठेवून घे.

डेलमार

ब्रशी गॅप, १७ ऑक्टोबर

डेलमार,

आईचं भांडं पोचलं. झाकणाला टवका नाही. उशाशी ठेवून झोपले.

पण रिकामं पाठवलंस! व्हर्लीन मावशीचा मुलगा शोभतोस. तुला कुणी काही शिकवलंच नाही का?

गाण्याचं राहू दे. ते आता तुझंही नाही आणि माझंही नाही. उत्सवाच्या दिवशी मी खिडकी उघडी ठेवली होती. ‘मंगळवारी अंडी सहा’ तेवढं ऐकू आलं. तेवढंही पुष्कळ झालं.

आईचं भांडं माझंच आहे रे, ते मला मिळालं तर त्यात विश्वास कुणाचा? सहा तारखेला ऑपरेशन आहे. शेजारणी आतापासून विचारताहेत, काय आवडतं, काय चालतं. काल दुकानात पाद्रीबाई भेटल्या. त्यांच्या गाडीत फॉइलच्या डब्यांचं अख्खं खोकं होतं.

ओझेला

ब्रशी गॅप, २१ नोव्हेंबर

डेलमार,

मेले नाही. झडप डुकराची बसवलीय. आता त्यावरून गाणं करू नकोस.

पंधरा तारखेला घरी आले. पुतणी आणि मी मोजले: पहिल्या दिवशी चौदा डबे, दुसऱ्या दिवशी नऊ. सगळे फॉइलचे. मी म्हटलं, असो. तोंडानं ‘थँक्यू’ म्हटलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

तिसऱ्या दिवशी पुतणी ओरडत आली, “काकू, मागच्या पडवीत खुर्चीवर काहीतरी आहे, आणि रस्त्यापलीकडे गाडीत एक म्हातारा बसलाय, टोपी डोळ्यांवर ओढून. पोलिसांना बोलावू?” मी म्हटलं, टोपी ओळखते मी. राहू दे त्याला.

तिनं ते माझ्या मांडीवर आणून ठेवलं. निळं भांडं. मला काही सुचेना. पहिल्यांदा पाठ बघायची म्हणून मी ते सरळ उलटं केलं. झाकण गेलं, आणि तुझे सगळे बीन्स माझ्या अंगावर. गाऊनवर, पांघरुणावर, टाक्यांच्या पट्टीवर. पुतणी किंचाळत होती आणि मी रस्सा गळणाऱ्या त्या भांड्याची पाठ डोळ्यांजवळ धरून वाचत होते. एक जुनी पट्टी, ‘इमोजीन’. तिच्या शेजारी नवी पट्टी, कोंबडीनं उकरल्यासारखं अक्षर. तुझ्या आईचंच वळण घेतलंयस. ‘डेलमार हिक्सन. परत हवं आहे.’

मी रडले. टाके दुखेपर्यंत रडले. तुझी गाडी दोन तास तिथं उभी होती, ते दिसत होतं. भांड्यावर पहारा देत होतास की माझ्यावर, ते माहीत नाही. तोंडानं बोलायची शपथ आहे म्हणून खिडकीतून हात हलवला. तू टोपी हलवलीस.

बीन्स कच्चे होते. जेवढे गाऊनवरून खाता आले तेवढ्यावरून सांगते.

पुतणी मंगळवारी नॅशव्हिलला जातेय. तिच्याबरोबर भांडं परत पाठवते. पोहोच लेखी हवी. तुमच्या घराण्याचा मला अनुभव आहे.

तुझी मावसबहीण,
ओझेला

नॅशव्हिल, २७ नोव्हेंबर २०१२, मंगळवार

पोहोच

लिहून देतो की ओझेला टिडमोर, ब्रशी गॅप, हिच्याकडून आज एक निळं भांडं झाकणासकट परत मिळालं. धुतलेलं, पुसलेलं. आत सहा अंडी. फुटलेलं एकही नाही.

साक्षीदार म्हणून रोझलनं सही केली आहे. एक नक्कल बॅसबाईंना फॅक्सनं पाठवली, त्यांनी तासाभरात ती नकली म्हणून परत केली. एक ओसाकाला पाठवली आहे.

पुढच्या महिन्यात तुला सूप आणून देतो. ह्याच भांड्यात.

डेलमार हिक्सन